घोड्याच्या खुराचा तळवा कोकणात कसा सांभाळायचा

खांदेशातल्या सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेतून डिसेंबरात मैनाला आणलं, तेव्हा तिच्या तळव्यावर नखाने टकटक केलं की पाटावर वाजवल्यासारखा आवाज यायचा. पुढच्या जुलैत, अलिबागजवळ नागावच्या वाडीत, त्याच तळव्यावर अंगठा दाबला तर तो चक्क आत गेला. घोडी तीच, चंदीचा दाणा तोच. मधे दीड महिना पाऊस पडला होता आणि तळव्यावर एकदा नालबंदाची सुरी फिरली होती.

विचारायला माणसं होती, पण प्रत्येकाचा उपाय निराळा. एकाने खोबरेल चोळायला सांगितलं, एकाने शेणात उभी करायला, एकाने डांबर. मी यातलं थोडंथोडं सगळं केलं आणि चार महिने वाया घालवले. तुम्ही नुकताच घोडा घेतला असेल किंवा घेणार असाल, तर पुढचं आधी वाचा. डॉक्टरांचं काम यातून होणार नाही, पण त्यांना फोन कधी करायचा एवढं नक्की कळेल.

१. आधी खूर उचलायला शिका

घोड्याच्या खांद्यापाशी, त्याच्या शेपटीकडे तोंड करून उभे राहा. हात खांद्यापासून सरकवत खाली न्या, मधेच उचलू नका, म्हणजे तो दचकत नाही. खाली पोहोचल्यावर पायाच्या मागच्या दोरीसारख्या नसा (कंडरा) हलक्या चिमटीत धरल्या की शिकवलेला घोडा पाय स्वतःहून देतो. मागचा पाय घेताना अंगाला खेटून उभं राहायचं. दोन-तीन फुटांवर उभ्या असलेल्याला लाथ पुऱ्या जोराने लागते, खेटून असलेल्याला नुसता धक्का बसतो.

खूर उकरणीने माती काढा, नेहमी टाचेकडून पुढच्या टोकाकडे. ब्रश मारा आणि मग नीट बघा. बाहेरून कडक कवच, ज्यात नालेचे खिळे ठोकतात. त्याच्या आतल्या बाजूने एक बारीक पिवळट रेघ. तिला पांढरी रेघ म्हणतात, रंग काही का असेना. कवच आणि तळवा तिथे सांधलेले असतात. रेघेच्या आत तळवा. तळव्यात मागून पुढे घुसलेला त्रिकोणी, खोडरबरासारखा भाग म्हणजे फ्रॉग, आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन खोल चर. या चरांवर लक्ष ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

वजन कवच, तळव्याची कडेची पट्टी आणि फ्रॉग मिळून पेलतात. तळव्याचा मधला भाग वाटीच्या बुडासारखा किंचित वर उचललेला असतो. कडक जमिनीवर तो टेकतच नाही, आणि टेकूही नये.

२. तळवा वाढतो कुठून, हे समजून घ्या

इथेच माझी सगळ्यात मोठी चूक झाली. मला वाटायचं, खूर म्हणजे एकच एक नख, वरून खाली वाढणारं. कवचापुरतं ते खरं आहे. ते केसांच्या कडेपासून खाली उतरतं, महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर, आणि पुढची बाजू पूर्ण नवी व्हायला ९ ते १२ महिने लागतात. तळवा मात्र वरून येत नाही. तो आतून येतो.

खुराच्या पोटात खुराच्याच आकाराचं एक हाड असतं. त्या हाडाच्या खालच्या अंगाला रक्ताने भरलेली जिवंत त्वचा असते आणि तिच्यावर मखमलीच्या लवेसारखे बारीक कोंब. प्रत्येक कोंबाभोवती केराटिनची एक नळी विणली जाते. केराटिन म्हणजे ज्याची आपली नखं आणि केस बनतात तेच. नळ्या आणि त्यांना एकमेकींशी चिकटवणारं केराटिन, मिळून तळवा. आतला नवा थर जुन्याला खाली ढकलत राहतो. सगळ्यात बाहेरचा थर मेलेला असतो, तो खडूसारखा भुसभुशीत होऊन आपोआप झडतो.

म्हणजे बाहेरून काहीही चोपडलं तरी तळवा जाड होत नाही. आणि एकदा कापून काढलेला तळवा भरून यायला कित्येक आठवडे जातात, कधी काही महिने. तेवढे दिवस घोडा पातळ चपलेत खडीवर चालतो.

वाढ चांगली राहण्यासाठी रक्त खेळतं राहायला हवं, आणि ते चालण्याने खेळतं. टाप पडते तेव्हा टाचेकडचा भाग किंचित फाकतो, पाय उचलला की मिटतो. दिवसभर दावणीला बांधलेल्या घोड्याचा खूर सुस्तावतो. खांदेशातली घोडी रोज दगडधोंड्यातून चालते. तिथे मेलेला थर जमीनच घासून काढते आणि आतून त्याच वेगाने नवा येतो. आमच्याकडे आठ-नऊ महिने वाळू, तीन-चार महिने चिखल. घासणारं काही नाही आणि वाळवणारंही काही नाही.

३. जाडी ओळखा

खात्रीची जाडी एक्स-रेमध्येच कळते. हाडापासून जमिनीपर्यंत साधारण १५ मिलिमीटर तळवा असेल तर डॉक्टर समाधानी असतात. १० च्या खाली गेला तर घोडा खडीवर दुखणारच. पण दर महिन्याला एक्स-रे कोण काढणार? घरच्या घरी तीन गोष्टी बघता येतात.

पहिली, फ्रॉगच्या टोकाजवळ चराची खोली. चराचं बूड आतल्या हाडापासून जवळपास ठरावीक अंतरावर असतं. त्यामुळे तळवा आणि त्याच्याबरोबर काठ जाड असले की चर खोल दिसतो, पातळ असले की उथळ. खुरावर फूटपट्टी आडवी ठेवायची, तिच्यापासून चराच्या बुडापर्यंत खराट्याची हीर उभी धरायची आणि नखाने खूण करायची. मी त्या हिरा वहीत सेलोटेपने चिकटवून ठेवते, तारखेसकट. जूनची हीर आणि सप्टेंबरची हीर शेजारी ठेवल्या की वेगळा हिशेब लागत नाही.

दुसरी, अंगठा. फ्रॉगच्या टोकाच्या पुढे दोन्ही अंगठ्यांनी जोरात दाबा. तळवा लवत असेल तर तो पातळ आहे. त्या दिवसापासून खडी बंद.

तिसरी, चाल. गुळगुळीत डांबरावर घोडा मोकळा चालतो, आणि फुटलेल्या जांभ्याच्या वाटेवर वळलात की पावलं आखूड होतात, तो कडेच्या गवतावर सरकू बघतो. लोक याला आळस म्हणतात. माझ्याही घरी म्हणत होते.

४. सुरी आवरा

आता ग्रामीण भागात सर्रास दिसणारा सापळा. नाल बदलताना तळवा तासून "स्वच्छ" करायचा. एकसारखा, ओला, चमकदार पृष्ठभाग दिसला की मालकालाही काम झाल्यासारखं वाटतं. मे महिन्याच्या शेवटी मैनाचे पुढचे दोन्ही तळवे असेच तासले गेले. आत छान वाटीसारखा खोलगटपणा आला, आणि मी त्याचा फोटोही काढला. तिसऱ्या दिवशी ती विहिरीपासून रस्त्यापर्यंतच्या जांभ्याच्या खडीवर पाय टाकायला तयार नव्हती.

तळव्याचा खोलगटपणा कोरून आणता येत नाही. आतलं हाडच खालच्या अंगाने कमानदार असतं, आणि तळवा त्याच्याखाली सगळीकडे सारख्या जाडीचा असला की कमान आपोआप दिसते. सुरीने कमान कोरली म्हणजे मधली जाडी घटवली, एवढाच तिचा अर्थ.

मेलेला तळवा कोणता, जिवंत कोणता? उकरणीने घासल्यावर पांढरट भुसा पडतो तो मेलेला. तो काढलात तर हरकत नाही. खाली मेणासारखा, गुळगुळीत, घासूनही न सुटणारा थर लागला की हात थांबवा. त्याच्या पुढे कापायचं ते फक्त डॉक्टरांनी, आणि तेही कारण असेल तरच.

नालबंदाला हे सांगायचं कसं, हा नाजूक प्रश्न आहे. ते त्यांच्या कामात मुरलेले असतात आणि त्यांच्यापुढे आपण काल आलेले. मी काम सुरू व्हायच्या आधीच सांगते, "मामा, कानस कवचाला लावा, तळव्याला सुरी नको." पहिल्या वेळी मामांनी माझ्याकडे बघून कानस खाली ठेवली होती. मी चहा आणला, वहीतल्या हिरा दाखवल्या. पटलं की नाही माहीत नाही, पण तेव्हापासून सुरी पिशवीतच राहते.

मुदत: अनवाणी खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी कानसायचा, नाल दर चार ते सहा आठवड्यांनी काढून नव्याने बसवायची. नाल घट्ट आहे म्हणून तीन महिने चालवू नका. कवच वाढून पुढे जातं, नाल त्याच्यासोबत सरकते आणि तिची मागची टोकं तळव्यावर दाबू लागतात. खिळा पांढऱ्या रेघेच्या बाहेरच हवा. नाल ठोकल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घोडा लंगडला तर "बसेल हळूहळू" म्हणून वाट बघू नका, बोलावून घ्या.

५. पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच

खूर पाणी पितो. निरोगी खुरातही कवचात साधारण पाव हिस्सा पाणी असतं, तळव्यात एक तृतीयांश आणि फ्रॉगमध्ये जवळपास निम्मं. त्यात रात्रंदिवस चिखलात उभं केलं तर तळवा फुगतो, मऊ होतो आणि नेहमीपेक्षा लवकर झडतो. आपण धुणं धुऊन उठल्यावर बोटं बघा, त्या बोटांनी नारळ सोलायचा विचार करा.

कोकणात ओल टाळता येत नाही. दिवसातून काही तास खूर पूर्ण कोरडा राहील, एवढी सोय मात्र करता येते. आम्ही तबेल्यात चिऱ्याचा वीतभर उंच ओटा बांधला, एका बाजूला उतार देऊन. त्यावर भातगिरणीतून आणलेलं तूस, चार बोटं जाडीचं. तूस मूत शोषतं आणि ओलं झालेलं फावड्याने काढता येतं. आधी पेंढा घातला होता. तो दोन दिवसांत कुजतो, शिवाय मैना तो खाते. लाकडाचा भुसा चालतो, पण लाकडाच्या गिरणीत विचारून घ्या, त्यात खिळे-चुका असतात.

छपराची पागोळी दारात पडत असेल तर तिथे खडी टाकून चर काढा. घोडा दिवसातला बराच वेळ दारात तोंड काढून उभा असतो, आणि पुढचे दोन पाय नेमके त्या डबक्यात.

संध्याकाळी खूर उकरून, फडक्याने पुसून मगच तुसावर घ्या. एवढं एक काम रोज झालं तर अर्ध्या भानगडी टळतात. तेल, ग्रीस, डांबर ओल्या तळव्यावर लावू नका. आतली ओल आत कोंडते आणि ज्या जंतूंना हवा नको असते त्यांचं फावतं.

असे जंतू फ्रॉगच्या चरांत घर करतात. काळा, लोण्यासारखा चिकट मळ, आणि वास असा की एकदा घेतला की विसरत नाही. याला थ्रश म्हणतात. गावात कोणीतरी "खुरकूत आली" म्हणेल. लाळ-खुरकूत गाईगुरांना, शेळ्या-मेंढ्यांना, डुकरांना होते, घोड्याला होत नाही. तो सल्ला तिथेच सोडा. चर साफ करा, पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून धुवा, कोरडं करा, कापसाची बारीक वात आयोडीनमध्ये भिजवून चरात बसवा आणि रोज बदला. मोरचूद जुना उपाय आहे, पण जिवंत त्वचेला तो भाजतो, त्यामुळे दाट पूड कोंबू नका. फॉर्मालिन तर नकोच. आठ-दहा दिवसांत फरक नसेल किंवा चर दाबल्यावर घोडा पाय हिसकत असेल तर डॉक्टर.

६. किनाऱ्यावर नेताना

वाळू तळव्याला मऊ, हे खरं. पण तिच्यावर कवच फारसं घासलं जात नाही, त्यामुळे पुढचं टोक लांबत जातं आणि लांबलेलं टोक पांढरी रेघ फाकवतं. फटीत वाळूचे कण शिरतात आणि पाचरीसारखं काम करतात. किनाऱ्यावर रोज जाणाऱ्या घोड्याची कानसणी म्हणूनच चुकवू नये.

समुद्राच्या पाण्याने तळवा सडत नाही आणि बराही होत नाही. त्रास भिजण्या-वाळण्याच्या फेऱ्यांचा असतो. दिवसातून पाच वेळा ओला आणि पाच वेळा कोरडा होणारा खूर तडकतो. शेवटच्या फेरीनंतर एकदा गोड्या पाण्याने धुवा, पुसा, संपलं.

खरा धोका खडकावर आहे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीला घोडागाड्या जातात. तिकडचा खडक म्हणजे कालवांची चादर, आणि कालवाची फुटकी शिंप पात्यासारखी असते. मैनाच्या डाव्या पुढच्या तळव्यात अशी एक शिंप फ्रॉगच्या चरात आडवी बसली होती, नखाएवढी, चिखलाच्याच रंगाची. लंगडत नव्हती. उकरणीला "खर्र" असा आवाज आला म्हणून कळलं. काशीद काय, दिवेआगर काय, सुट्टीच्या दिवसानंतर बाटल्यांच्या काचाही तितक्याच. परतल्यावर चारही खूर उजेडात उलटून बघायचे. घाई असली तरी.

७. खाण्याचं थोडक्यात

भाताचा कोंडा आपल्याकडे स्वस्त म्हणून पोतंभर आणतात. त्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. तोच मुख्य खुराक केला तर हाडं कमकुवत होतात. मुठीने द्या, घमेल्याने नको. चांगलं सुकं गवत हाच पाया. बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) रोज १५ ते २० मिलिग्रॅम दिल्याने खुराचा दर्जा सुधारतो, पण तो नव्या वाढीतच दिसतो, म्हणून सात-आठ महिने तरी धीर धरायची तयारी हवी. आणि पर्यटकांना हात जोडून सांगा: वडापाव नको, बिस्किटं नकोत.

८. अचानक लंगडला तर

काल चांगला, आज तीन पायांवर. पावसाळ्यात याचं नेहमीचं कारण म्हणजे खुरात पू धरणं. मऊ पडलेल्या पांढऱ्या रेघेतून घाण आत जाते, पू होतो, कडक कवचामुळे त्याला फुगायला जागा नसते, आणि वेदना भयंकर. खूर हाताला गरम लागतो. खुराच्या वर, मोठ्या सांध्याच्या मागच्या बाजूला दोन्ही अंगांना बोट ठेवलं तर नाडी ठणठण उडते. (निरोगी पायात ही नाडी शोधावी लागते. आजच शोधून ठेवा.) डॉक्टर लहानसं छिद्र करून वाट देतात. मैनाच्या वेळी काळं पाणी निघालं आणि पाच मिनिटांत तिने पाय टेकला. नंतर काही दिवस कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय पंधरा-वीस मिनिटं बुडवायचा, पुसायचा, बांधायचा. बांधायला लहान मुलांचा डायपर आणि वरून चिकटपट्टी, याहून सोयीचं मला काही सापडलं नाही.

खिळा घुसला असेल तर उपटू नका. फोटो काढा, डॉक्टरांना पाठवा. खिळा किती खोल आणि कोणत्या दिशेने गेलाय हे तो जागेवर असतानाच एक्स-रेत दिसतं. आणखी आत जाऊ नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या चिपा बांधा. फ्रॉगच्या मधल्या भागात घुसलेला खिळा सर्वांत धोक्याचा, कारण तिथून सांधा आणि कंडरा जवळ. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, म्हणून लसीची तारीख तोंडपाठ हवी.

पुढचे दोन्ही पाय गरम, घोडा वजन मागे टाकून अवघडून उभा आणि हलायला तयार नाही, तर तो लॅमिनायटिस असू शकतो. चंदीच्या पोत्यात रात्री तोंड घातलं असेल तर शंका पक्की समजा. यात हाडाला कवचाशी बांधून ठेवणारे पापुद्रे सुटू लागतात. हाड खाली उतरलं तर ते तळव्यावरच येतं. चालवू नका. डॉक्टर येईपर्यंत पाय गुडघ्याखालपर्यंत बर्फाच्या पाण्यात. आपल्याकडे एक सोय आहे, मासळीच्या बंदरावर बर्फ अपरात्रीही मिळतो.

९. घरात काय काय हवं

सामान: खूर उकरणी दोन (एक हरवतेच), ताठ केसांचा ब्रश, बारीक कानस, कपाळाला लावायचा टॉर्च, पोव्हिडोन आयोडीन, कापूस, एप्सम सॉल्ट, मोठ्या मापाचे डायपर, रुंद चिकटपट्टी, रबरी घमेलं. नाल उपटायची पकड ठेवा आणि एकदा नालबंदाकडून वापरून शिका. अर्धवट सुटलेली नाल घोडा स्वतःच्याच तळव्यावर उभी करतो.

कागद: खरेदीची पावती, लसीकरणाचं कार्ड, नाल-कानसणीच्या तारखांची वही, आणि दर वेळी चारही तळव्यांचे फोटो, एकाच अंतरावरून. डॉक्टर पहिला प्रश्न "आधी कसा होता?" हाच विचारतात. डॉक्टर, नालबंद आणि टेम्पोवाला यांचे नंबर तबेल्याच्या दारावर ऑइलपेंटने लिहा. खडूने लिहिलेले माझे पहिल्याच पावसात वाहून गेले.